शेजारचा ठिपका

"मामा, हे काय आहे?"

प्रयोगशाळेत भाची मामांना मामा म्हणायची ती फक्त चिडल्यावर. एरवी "जरा मीडिया बघा", "त्या बाटल्या काढून ठेवा" असं ती हवेत बोलायची आणि ते आपल्यासाठी आहे हे मामांनी ओळखायचं. आज ती दारातच उभी होती. दोन्ही हातांवर प्लेटांची चळत, आणि तोंडात मामा. यंत्रापाशी बसलेल्या दोन विद्यार्थिनींनी मुकाट्यानं माना खाली घातल्या.

मामा बर्नर विझवत होते. "प्लेटा आहेत," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. त्यांच्यावर काय उगवलंय?"

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वरची प्लेट उचलून दिव्याकडे धरली. पिवळसर जेलीच्या थरावर मधोमध साध्या यीस्टचा जाड पांढरा ठिपका होता. त्याच्यापासून लांब लांब जात एका ओळीत सहा बारके ठिपके दुसऱ्या जातीच्या यीस्टचे ठेवले होते. त्यांतले जवळचे दोन चांगले फुगले होते, तिसरा पुसट होता, उरलेले तीन कोरडेठक्क. खरं तर सहाही कोरडे असायला हवे होते.

"रुसकी उगवलीय," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं, आणि भाचीला नेमकं तेच झोंबलं.

रुसकी हे नाव मामांनीच ठेवलेलं. त्या यीस्टचं एक जनुक मोडलेलं होतं, त्यामुळे तीन अमिनो आम्लं तिला स्वतःची स्वतः बनवता यायची नाहीत. ती बाहेरून मिळाली तर जगायची, नाहीतर नाही. प्लेटच्या जेलीत ती तिन्ही मिसळलेली असत. पण त्याच जेलीत अमोनियाचं मीठ भरपूर असलं, की यीस्टची पेशी बाकीच्या अन्नाची दारं लावून घेते. अमोनिया सोपा, हाताशी असलेला. तो असताना दुसरं कशाला आत घ्या? साध्या यीस्टचं त्यानं काही अडत नाही, ती अमोनियापासून लागेल ते घरच्या घरी बनवते. रुसकीला बनवता येत नाही आणि दार लावून बसल्यामुळे घेताही येत नाही. भरल्या ताटासमोर ती उपाशी मरते. भाचीचं तीन वर्षांचं काम याच गोष्टीवर उभं होतं. अमोनिया भरपूर, तर रुसकी खलास. बारा आठवड्यांनी बाहेरची समिती यायची होती आणि तिच्यापुढे हे स्वच्छ, डाग नसलेलं दाखवायचं होतं.

"चाळीसपैकी अकरा प्लेटांवर हे झालंय," भाची म्हणाली. "लूपची तार नीट तापवली नाहीत. साधी यीस्ट रुसकीत मिसळली. दुसरं काय असणार?"

"एकतीस वर्षांत माझ्या हातून असं—"

"एकतीस वर्षं मला सांगू नका. आणि एका प्लेटवर दोन जाती ठेवायला कुणी सांगितलं होतं? मी वेगळ्या प्लेटा म्हटलं होतं."

"नव्या प्लेटा आल्या नव्हत्या. शेवटच्या अकरांत दोन्ही जाती ठेवून भागवलं. आपण रजेवर होता, मॅडम."

"फोन करता आला असता."

"केला असता तर आपणच म्हणाला असता, एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला."

भाचीनं लाल डब्याचं झाकण पायानं उघडलं आणि एकेक प्लेट आत टाकायला सुरुवात केली. ओतून टाकली असती तर लवकर झालं असतं. तिनं एकेक टाकली. प्रत्येक प्लेट पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शेवटी मामांच्या हातातली उरली.

"ती पण."

मामांनी प्लेटवर झाकण नीट बसवलं, ती कोटाच्या खिशात घातली आणि तिच्या बाजूनं बाहेर गेले.

*

मामा त्या संस्थेत टेक्निशियन होते. यीस्टला लागणारं अन्न, म्हणजे मीडिया, शिजवायचा, प्लेटा ओतायच्या, जाती जिवंत ठेवायच्या, ही त्यांची कामं. पदवी नव्हती. पण कुठली जात कुठल्या तापमानाला कुरकुर करते हे त्यांना झाकण उघडल्यावर वासावरून कळायचं. त्यांच्या एकुलत्या एका बहिणीची ही मुलगी. बहीण गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बापानं वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला आणि मुलगी मामा-मामींकडे आली ती कायमची. शाळा सुटली की ती मामांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. रिकाम्या प्लेटांचे मनोरे रचायची. सूक्ष्मदर्शकातून पहिली पेशी तिला मामांनीच दाखवली, खुर्चीवर दोन जाडजूड पुस्तकं ठेवून.

ती शिकली, परदेशी जाऊन आली, आणि त्याच संस्थेत मुलाखतीला बसली. मुलाखतीनंतर संचालकांनी मामांना कौतुकानं विचारलं, "काय मामा, कशी आहे भाची?" मामा म्हणाले, "हुशार आहे साहेब, पण धांदरट आहे. लक्ष ठेवावं लागतं." दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या भाचीनं ते शब्दन् शब्द ऐकलं.

जागा तिला मिळाली. मामांना तेव्हा काय म्हणायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. मामींचं म्हणणं, की आपल्या पोरीचं कौतुक चारचौघांत करायला हा माणूस लाजतो, म्हणून तोंडातून नेहमी वाकडंच निघतं. पण भाचीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "इथे मला मॅडम म्हणायचं." मामा म्हणाले, "बरं मॅडम." आणि त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द असा काही उच्चारायला सुरुवात केली, की तिला ती शिवी वाटावी. तिनं प्रयोगशाळेत त्यांना अहो-जाहो सुरू केलं होतं, ते हळूहळू घरीही गेलं. लहानपणापासून "मामा, तू" म्हणणारी मुलगी रविवारच्या जेवणाला येऊन "तुम्ही मीठ घेता का?" म्हणायला लागली, तेव्हा मामींनी हातातलं वाढप खाली ठेवलं होतं. पुढे रविवारही बंद पडले.

*

खिशातल्या प्लेटचं मामांनी काय केलं, ते कुणालाही सुचलं नसतं असं नव्हे. सरळ होतं. फुगलेल्या ठिपक्यांतले कण त्यांनी लूपच्या टोकावर घेतले, ताज्या प्लेटवर एकटेच ठेवले, शेजारी कुणी नाही. प्लेटमध्ये अमोनिया भरपूर. भाचीचा आरोप खरा असेल, साधी यीस्ट मिसळली असेल, तर इथेही उगवायला हवं.

तीन दिवस वाट पाहिली. काही उगवलं नाही. प्लेट कोरी.

मामा त्या प्लेटकडे बराच वेळ बघत बसले. म्हणजे ही रुसकीच होती. बदललीही नव्हती, नाहीतर इथे जगली असती. ती जगली होती ती फक्त साध्या यीस्टच्या शेजारी. साधी यीस्ट जेलीतून काहीतरी सोडत असणार, ते पाझरत शेजारच्या पेशींपर्यंत जात असणार, आणि अमोनिया असतानाही त्या दारं उघडत असणार. म्हणून जवळच्या दोघी जगल्या आणि लांबच्या तिघी मेल्या. त्यांनी वहीत तारीख घातली, प्लेटचं चित्र काढलं, आणि वही घेऊन तिच्या खोलीत गेले.

"मॅडम, दोन मिनिटं."

"समितीची स्लाइड चाललीय माझी."

"ती भेसळ नव्हती. मी परत लावून बघितलं. ही बघा—"

"कुठल्या इनक्युबेटरमध्ये लावलं?"

"छत्तीस नंबर."

"तो माझ्या नमुन्यांसाठी राखीव आहे. दारावर लिहिलंय. मला न विचारता तुम्ही तुमच्या प्लेटा त्यात ठेवल्या?"

"एक प्लेट. अगं, पण आधी बघ तरी काय आलंय ते!"

"अगं नाही," ती म्हणाली. "मॅडम."

मामांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर लेखी समज येऊन पडली: राखीव उपकरणाचा परवानगीशिवाय वापर. यापुढे सर्व कामं फक्त लेखी सूचनेप्रमाणे करावीत. खाली भाचीची सही. एकतीस वर्षांत मामांना आलेली ती पहिली समज. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "लेखी तर लेखी."

पुढच्याच सोमवारी तिनं नव्या मीडियाची चिठ्ठी दिली. समितीला दाखवायच्या प्लेटा यातूनच निघणार होत्या. घाईत लिहिलेली चिठ्ठी; एका लिटरला अमोनियाचं मीठ पाच ग्रॅम लिहायचं तिथे पन्नास लिहिलं गेलं होतं. मामांना ते चिठ्ठी हातात घेताच दिसलं. हे प्रमाण त्यांनी आयुष्यात हजार वेळा तरी मोजलं असेल. त्यांनी तराजूवर पन्नास ग्रॅम तोलले. पाच लिटर मीडिया केला. दोनशे प्लेटा ओतल्या, एकसारख्या, बुडबुडा नसलेल्या, अगदी बघत राहावं अशा.

आठवडा गेला. त्या दोनशे प्लेटांवर साधी यीस्टसुद्धा धड उगवली नाही. एवढ्या खारट जेलीत कोण जगणार? भाचीनं जाती तपासल्या, पाणी तपासलं, इनक्युबेटरचं तापमान तपासलं. रडकुंडीला आली. शेवटी फाइलमधून ती चिठ्ठी काढली आणि तिचे डोळे त्या शून्यावर थांबले.

ती मामांच्या टेबलापाशी आली. चिठ्ठी समोर ठेवली.

"हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"लेखी होतं."

"तुम्हाला माहीत होतं. पन्नास म्हणजे सगळं मरणार हे तुम्हाला माहीत होतं!"

"लेखी सूचनेप्रमाणेच करावं, असंही लेखीच होतं, मॅडम."

तिनं हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. "उद्यापासून तुम्ही धुलाईच्या खोलीत," ती म्हणाली. "बाटल्या, नळ्या, ऑटोक्लेव्ह. इथल्या कशालाही हात लावायचा नाही."

"हेही लेखी द्या," मामा म्हणाले.

तिनं दिलं.

*

धुलाईची खोली तळमजल्यावर. सतत वाफ, ओली फरशी, साबणाचा उग्र वास, आणि दर चाळीस मिनिटांनी ऑटोक्लेव्हच्या त्या मोठ्या वाफेच्या कुकरची शिट्टी. मामा तिथे गेले आणि वर एकदाही आले नाहीत. जेवायलाही नाही. घरी मात्र त्यांचं तोंड सुटलं. ताट लागलं की भाचीचा विषय, उचललं तरी तोच. तिसऱ्या आठवड्यात मामी उठल्या आणि सरळ भाचीच्या घरी गेल्या. बेल वाजवून आत आल्या, बसल्या नाहीत.

"काय चाललंय तुमचं?"

"त्यांनाच विचारा, मामी."

"त्यांचं ऐकून ऐकून कान किटले. हा माणूस दिवसभर बाटल्या घासतो आणि संध्याकाळी येऊन मला घासतो. मी काय घोडं मारलंय?"

"त्यांनी माझं काम मुद्दाम नासवलं. मुद्दाम. माहीत असून."

"नासवलं ना? वाईट केलं. मी सांगितलं त्यांना, नीच काम केलंत म्हणून. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी." मामींनी दम घेतला. "आणि तू? तू त्यांचं काही बघितलं नाहीस म्हणे. वही घेऊन आले होते."

"भेसळ होती ती."

"तपासलंस?"

भाचीनं टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"तू नऊ वर्षांची असताना कपातल्या साखरेला मुंग्या का लागतात हेसुद्धा चार दिवस तपासत बसली होतीस," मामी म्हणाल्या. "जाते मी. चहा नको." तिनं चहा विचारला नव्हता.

तपासलंस, हा शब्द मात्र भाचीच्या डोक्यातून जाईना. मामा चुकीचे आहेत हे एकदा स्वतःच्या हातानं सिद्ध करून टाकावं आणि विषय संपवावा, असं तिनं ठरवलं. विद्यार्थिनींनाही हात लावू दिला नाही. मीडिया स्वतः केला, पाच ग्रॅम दोनदा तोलले. प्रत्येक ठिपक्याआधी लूप लालबुंद होईपर्यंत ज्योतीत धरला. मधे साधी यीस्ट, बाजूला ओळीनं रुसकी.

तिसऱ्या सकाळी तिनं इनक्युबेटर उघडला. जवळचे दोन ठिपके फुगलेले. तिसरा पुसट. पुढचे तीन कोरडे. वीसपैकी वीस प्लेटांवर.

ती उभ्या उभ्याच एकेक प्लेट बघत राहिली. मग तिनं फुगलेल्यांतले कण घेऊन एकटे लावले, ते मेले. मग एक पाऊल पुढे गेली. साधी यीस्ट ज्या द्रावणात वाढली होती ते द्रावण इतक्या बारीक जाळीतून गाळलं, की त्यात एकही पेशी उरू नये. कागदाच्या बारक्या चकतीवर त्याचा थेंब सोडला, आणि चकती रुसकीच्या प्लेटवर ठेवली. दोन दिवसांत चकतीभोवती रुसकीचं गोल कडं उगवलं. शेजारी कुणीही नव्हतं, नुसता शेजाऱ्यानं सोडलेला रस होता. पेशी पेशीला सांगत होती, की अमोनिया असू दे, तू तुझं दार उघड.

असं काही तिच्या क्षेत्रात कुणी दाखवल्याचं तिच्या वाचनात नव्हतं. ही गोष्ट तिच्या तीन वर्षांच्या कामापेक्षा मोठी होती. आणि ती कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या प्लेटांमधून आली होती.

ती खाली धुलाईच्या खोलीशी दोनदा गेली. पहिल्यांदा दारावरूनच परतली. दुसऱ्यांदा आत पाऊल टाकलं. मामा पाठमोरे होते. पायांचा आवाज त्यांनी ओळखला असणार, कारण वळून न बघताच ते म्हणाले, "बाटल्या अजून व्हायच्यात, मॅडम. घाई असेल तर लेखी पाठवा."

ती वर निघून गेली.

*

समिती आली. पाच माणसं, तीन बाहेरची. सभागृहात भाची बोलत होती. दाखवायच्या प्लेटा शीतगृहातून कुणी आणायच्या यावर ऐनवेळी गोंधळ झाला आणि कुणीतरी धुलाईच्या खोलीत फोन केला. मामा ट्रे घेऊन सभागृहाच्या मागच्या दारानं आले आणि पडद्यावर त्यांना आपली प्लेट दिसली. मधे जाड ठिपका, बाजूला सहा.

भाची सांगत होती, "आमच्या प्रयोगशाळेत असं आढळून आलं, की..."

मामा ट्रे हातात घेऊन ऐकत राहिले. भेसळ नसल्याचं तिनं कसं तपासलं ते सांगितलं. तंतोतंत त्यांनी केलं होतं तसं. मग चकती, मग कडं. समितीतले एक म्हातारे गृहस्थ पुढे झुकून बसले होते. टाळ्या पडल्या. "काही प्रश्न?" संचालकांनी विचारलं.

"मला आहे," मागून मामा म्हणाले.

सगळी सभा वळली. धुलाईच्या पांढऱ्या एप्रनमधला, बाह्या ओल्या झालेला माणूस.

"आढळून आलं म्हणजे कुणाला आढळलं?"

भाचीनं पुढच्या टेबलाची कड धरली. "प्रयोगशाळेला."

"प्रयोगशाळेला डोळे असतात का, मॅडम?"

"मामा, नंतर बोलू," संचालक हलक्या आवाजात म्हणाले.

"नंतर कोण बोलतं साहेब? मी खाली बाटल्या धुतो." त्यांनी ट्रे शेवटच्या खुर्चीवर ठेवला आणि एप्रनच्या खिशातून वही काढली. "एकट्या रुसकीची प्लेट मी लावली. तारीख आहे. चित्र आहे. ही घेऊन मी यांच्याकडे गेलो होतो. त्याबद्दल मला समज मिळाली. तीही आहे, घडी करून ठेवलीय."

"आणि दोनशे प्लेटा तुम्ही मुद्दाम मारल्यात, ते लिहिलंय का त्या वहीत?" भाची एकदम ओरडली. माईक चालू होता. तो शब्द सभागृहभर घुमला. "लिहिलंय का?"

"लिहिलंय," मामा म्हणाले. "तारखेसकट."

समितीतले म्हातारे गृहस्थ पेन बंद करून खिशात ठेवायला लागले. संचालकांनी चहाची सुट्टी जाहीर केली, चहाला अजून पाऊण तास असताना.

*

दुसऱ्या दिवशी संचालकांनी दोघांनाही बोलावलं आणि दोघांनाही झाडलं. मग निकाल दिला: लेख लगेच पाठवायचा, त्यात मामांचं नाव लेखक म्हणून घालायचं. नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाची संमतीची सही लागते, ती मामांनी करायची.

भाचीनं चार आठवड्यांत लेख लिहिला. मामांचं नाव दुसरं घातलं. संमतीचा कागद खाली पाठवला. तो सहीशिवाय परत आला.

तिनं परत पाठवला. परत आला. तिसऱ्यांदा ती स्वतः गेली.

"सही का करत नाही?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून घातलेलं नाव मला नको."

"मग तुमच्या नावाशिवाय पाठवते."

"पाठवा. मग मी पत्र लिहीन, कुणी काय केलं त्याचं."

"तुम्हाला नक्की हवंय काय?"

मामा हातातली बाटली ब्रशनं घासत राहिले. त्यांना काय हवं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, एकट्यात तर मुळीच नव्हतं. "काही नको," ते म्हणाले.

"बरं. मग मलाही घाई नाही," भाची म्हणाली. तिला घाई होती, पण शब्द निघून गेला होता.

लेख तिच्या कपाटात पडला. एक महिना, दोन, पाच. संचालकांनी दोनदा आठवण करून दिली. ती म्हणाली, सही नाही. मामांना विचारलं; ते म्हणाले, मागितलीय कुठे नीट. मामींनी दोघांनाही बोलणं सोडून दिलं. आठव्या महिन्यात एका सकाळी तिनं संगणक उघडला आणि दूरदेशच्या एका गटाचा लेख समोर आला. जात वेगळी, प्लेटा वेगळ्या, गोष्ट तीच. शेजारच्या पेशी जेलीतून निरोप सोडतात आणि अमोनिया असतानाही उपाशी पेशी दारं उघडते. त्यांच्या चित्रातही ओळीनं ठिपके होते.

तिनं लेख छापून घेतला आणि खाली गेली. खोलीत वाफ कोंडली होती. तिनं कागद ओट्यावर आपटले.

"काय आहे?" मामांनी विचारलं. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता यायचं, पण चष्म्यावर वाफ बसली होती. "वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत, उभ्यानं. मामांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. चित्र आलं तेव्हा मात्र एप्रनला हात पुसून कागद हातात घेतला.

"हे आपण आधी केलं होतं."

"हो."

"किती आधी?"

"अकरा महिने."

मामांनी कागद खाली ठेवला. "तुझ्यामुळे गेलं."

"माझ्यामुळे? सही कुणी अडवली? तुझ्यामुळे गेलं! तुला माझं काहीही बघवत नाही, कधीच बघवलं नाही. धांदरट म्हणालास तू मला, दार उघडं ठेवून!"

मामांना पटकन कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. ते स्टुलावर बसले. ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली, तरी त्यांनी झाकणाकडे बघितलं नाही.

"म्हणालो," ते शेवटी म्हणाले. "आणि तू ते इतकी वर्षं धरून बसलीस."

"बसले."

"मूर्ख आहेस."

"तूही."

त्यापुढे माफी बिफी काही झाली नाही. दोघांनाही ती येत नव्हती. मामांनी नाक शिंकरलं आणि कागदावर बोट ठेवलं. "तो रस म्हणजे नक्की कुठलं द्रव्य, हे शोधलंय का यांनी?"

"नाही. पुढे शोधायला हवं असं लिहिलंय शेवटी."

"मग इथे माझ्या डोक्यावर काय उभी आहेस?"

*

गुरुवारी मामांच्या बदलीचा कागद निघाला आणि ते वरच्या टेबलावर परत आले. कुणाला वाटलं असेल की आता सगळं सुरळीत झालं, तर तसं झालं नाही. पुढचं सव्वा वर्ष त्या खोलीत रोज खटके उडाले. मामा शंभर शंभर लिटर यीस्ट वाढवून रस गाळायचे, भाची त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या नळ्यांत अलग करून कुठल्या नळीनं रुसकी जगते ते बघायची. एकदा तिनं सहा नळ्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या. मामांनी त्या शांतपणे काढून परत लावल्या आणि पंधरा दिवस तो विषय चघळला. एकदा मामांनी थंड खोलीचं दार उघडं ठेवलं. तिनं संचालकांकडे लेखी तक्रार केली. विद्यार्थिनी प्रयोगशाळा बदलून मागायच्या. पण द्रव्य सापडलं. चरबीच्या जातीचं, बारकं, घामाच्या एका थेंबाहूनही कमी मात्रेत काम करणारं. मामा निवृत्त व्हायच्या सात आठवडे आधी सापडलं.

यावेळी संमतीच्या कागदावर मामांनी लगेच सही केली. फक्त पेन तिचं वापरायला नकार दिला.

लेख छापून आला तेव्हा ते घरी होते. मामींनी पाकीट फोडून दिलं. मामांनी आधी नावांची ओळ बघितली आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला: आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मुद्दाम केलंय, दुसरं काय, मुद्दाम. त्यांनी त्याच दिवशी भाचीला पत्र लिहिलं, "मॅडम यांस" असं सुरू करून, दोन पानी.

चूक छापखान्याची होती. भाचीनं हे मामांना सांगितलं नाही; सांगून पटलं असतं असंही नाही. तिनं नियतकालिकाच्या संपादकांना दुरुस्तीसाठी लिहिलं. उत्तर आलं, की एका अक्षरासाठी दुरुस्ती छापत नाही. तिनं परत लिहिलं. असं चार वेळा लिहिलं, चौथ्यांदा भाषा चांगलीच कडक झाली होती, आणि तेव्हा कुठे पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली.

ती अंक घेऊन रविवारी घरी गेली. मामा फिरायला गेले होते. तिनं अंक टेबलावर ठेवला, पान दुमडून.

"चार पत्रं लिहिली मी, मामी," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका."

"नाही सांगत," मामी म्हणाल्या.

मामा परत आले, चप्पल काढत होते, तेवढ्यात मामींनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं.

"चारच?" मामा म्हणाले.